सगळे पालकांना सांगायचे, तर समुपदेशक कशाला?

शाळेत समुपदेशक नेमायला आता उघड विरोध कोणी करत नाही. विरोध येतो तो दुसऱ्या वाक्यात. "समुपदेशक ठेवा, चांगलंच आहे, पण लेकरू त्यांच्याजवळ काय बोललं ते आम्हाला कळलंच पाहिजे," असे पालक सभेत कोणीतरी उठून म्हणतो, बाकीचे माना डोलावतात आणि मुख्याध्यापकही "तुम्हाला विचारल्याशिवाय काही होणार नाही" असा शब्द देऊन मोकळे होतात. लातूर जिल्ह्यातल्या देवणीसारख्या तालुक्याच्या गावी तर या मागणीत वावगे काही आहे असे कोणाला वाटतच नाही. मूल आमचे, खर्च आमचा, उद्या बरेवाईट झाले तर निस्तरायचेही आम्हीच. मग शाळेने आमच्यापासून लपवायचे काय? वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद मला मान्य नाही. मुलाचा प्रत्येक शब्द घरी पोचवायची अट घातली की समुपदेशन संपते, फक्त समुपदेशकाचा पगार चालू राहतो. आणि 'हे शहरातले चोचले, आपल्या लहान गावात चालायचे नाहीत' असे जे म्हटले जाते, ते तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. गुप्ततेची गरज मुंबई-पुण्यापेक्षा देवणी, वलांडी, बोरोळला जास्त आहे.

हा वाद आज टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. विशाखापट्टणममध्ये नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीचा 2023 च्या जुलैमध्ये मृत्यू झाला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि कायदा होईपर्यंत ती देशभरच्या शिक्षणसंस्थांना बंधनकारक ठरवली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. पट त्याहून कमी असेल तर बाहेरच्या मानसिक आरोग्य तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी. निकालात आणखी एक बारीक पण मोलाची सूचना आहे: किती मुलांना मदत दिली, किती जणांना पुढे पाठवले, याची नोंद ठेवायची आणि वार्षिक अहवाल करायचा, पण नोंद नावानिशी ठेवायची नाही. देशात 2022 या एका वर्षात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी न्यायालयासमोर होती. त्यांत सर्वाधिक, 1,764, महाराष्ट्रातले. विद्यार्थी मोठ्या संख्येने जातात अशी शिकवणीची केंद्रे म्हणून निकालात कोटा, सीकर, जयपूर, हैदराबाद, चेन्नई, दिल्ली, मुंबई अशी नावे येतात. लातूरचे नाव नाही, आपण 'इतर शहरां'त बसतो. पण शिकवणीच्या 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने दहावीनंतर घर सोडणारी मुले कुठून निघतात हे देवणी, उदगीर, निलंग्याच्या लोकांना सांगायला नको. लातूरच्या खोलीवर एकटे पडण्याआधीची त्यांची दहा वर्षे याच शाळांत जातात.

आता लहान गावाचे म्हणून जे सांगितले जाते ते नीट पाहू. मोठ्या शहरात समुपदेशक आणि मुलाचे घर यांच्यामध्ये अनोळखीपणाची भिंत आपोआप असते. तिथल्या बाई शाळा सुटली की लोकल पकडून दुसऱ्या उपनगरात जातात. मुलीच्या मामाला त्या ओळखत नाहीत. देवणीत शाळेतले सर मुलाच्या वडिलांचे वर्गमित्र असतात, लिपिक भावकीतला असतो, शिपाई त्याच गल्लीत राहतो, आणि उदगीरच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर बसलेली बाई आईच्या माहेरची निघते. शाळेतल्या कोणत्या खोलीत कोणते मूल किती वेळ बसले, ही बातमी मूल घरी पोचायच्या आधी घरी पोचते. 'सगळे एकमेकांना ओळखतात, मग लपवायचे कशाला' असे म्हणणाऱ्यांनी त्याच वाक्याचा शेवट उलटा करून पाहावा. सगळे एकमेकांना ओळखतात म्हणूनच बोलणारे मूल उघडे पडते. शहरात जी गुप्तता परिस्थिती फुकट देते, ती इथे नियम करून द्यावी लागते.

आणि शब्द फुटल्यावर काय होते? मुलगा असेल तर मार, चेष्टा, चारचौघांत 'डोक्यावर परिणाम झालाय' असा शिक्का. मुलगी असेल तर बहुतेक वेळा शाळेचा दाखला. कोणा मुलाने चिठ्ठी दिली, रस्त्यात कोणी त्रास देतो, मोबाइलवर कोणाशी बोलणे झाले, एवढेही घरी कळले की 'बोभाटा नको' म्हणून पहिला उपाय शाळा बंद आणि दुसरा सोयरीक. वर्ष 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या. परभणी आणि बीडमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या पुढे होते. गरिबी, ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने बाहेर राहणारे आईबाप, हुंड्याचा हिशोब ही त्याची कारणे आहेतच, पण 'नाव निघायच्या आत उजवून टाकू' ही भीतीही तितकीच मोठी आहे, आणि ती भीती शाळेतल्या एका फोनने पेटते. ज्या मुलीला हे ठाऊक आहे ती रस्त्यातल्या छळाबद्दल बोलेल कशाला? छळ सोसणे तिला शाळा सुटण्यापेक्षा स्वस्त वाटते. बाईंना सांगितले की घरी कळते, हे एका मुलीच्या अनुभवावरून वर्गातल्या चाळीस जणींना समजते, आणि पुढची कित्येक वर्षे त्या खोलीचे दार कोणी ढकलत नाही.

इथे पालक दुखावतात. आम्ही काय वैरी आहोत का, असे विचारतात. बहुसंख्य पालक वैरी नसतात, हे उघड आहे. पण नियम करताना बहुसंख्यांकडे पाहून चालत नाही, ज्या घरात धोका आहे त्या घराकडे पाहावे लागते. 2025 च्या जूनमध्ये सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून वडिलांनी केलेल्या मारहाणीत मुलीचा जीव गेला. वडील अडाणी नव्हते. ते स्वतः शिक्षकी पेशातले होते. अशा घरातले मूल 'मला गुण कमी पडलेत, घरी जायची भीती वाटते' असे शाळेत सांगायला आले, आणि नियमाप्रमाणे शाळेने वडिलांना फोन लावला, तर शाळेने केले काय? कोणत्या घरात काय शिजते आहे हे बाहेरून कळत नाही. ते फक्त मूल सांगू शकते, आणि ते सांगेपर्यंत घरी न कळवण्याची हमी त्याला हवी असते.

मग पालकांना काहीच हक्क नाही का? आहे, आणि तो मोठा आहे. अठराच्या आतल्या मुलाच्या उपचाराचा निर्णय पालकाच्या संमतीशिवाय होत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मध्ये अल्पवयीन मुलाचा नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून पालकालाच धरले आहे आणि कलम 23 मध्ये गुप्ततेच्या अपवादांत त्या प्रतिनिधीचा समावेश आहे. इंग्लंडमध्ये 1985 च्या गिलिक खटल्यात सोळाच्या आतल्या पण पुरेशी समज असलेल्या मुलांना डॉक्टरांकडून पालकांच्या परस्पर सल्ला घेण्याची मुभा मिळाली, तिथपर्यंत आपला कायदा गेलेला नाही. आपल्या 2017 च्या कायद्यातले कलम मुळात मानसिक आजार असलेल्या व्यक्तीपुरते आहे. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेली दहावीतली मुलगी आजारी नसते, त्यामुळे शाळेतल्या समुपदेशकाच्या गुप्ततेला थेट आधार देणारे कलम शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. ही उणीव मी झाकून ठेवत नाही. पण त्याच कलम 23 मध्ये एक तत्त्व आहे आणि ते शाळेने उचलावे असे आहे: दुसऱ्या कोणाला इजा टाळण्यासाठी माहिती द्यावी लागली तरी त्या इजेपासून संरक्षणाला लागते तेवढीच द्यायची. बालन्याय कायदा, 2015 च्या मूलभूत तत्त्वांत मुलाच्या खासगीपणाचा आणि गोपनीयतेचा हक्क आहे. भारताने 1992 मध्ये मान्य केलेल्या बालहक्क संहितेच्या सोळाव्या कलमातही तो आहे. 2017 च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्याला वयाची अट घातली नव्हती. या सगळ्यांतून निघणारी रेषा व्यवहारात अवघड नाही. मुलाच्या जिवाला धोका आहे का, उपचाराची गरज आहे का, घरी काय काळजी घ्यायची, हे पालकांना कळलेच पाहिजे. मूल पहिल्यांदा येऊन काय बोलले, कोणाबद्दल बोलले, कशावरून रडले, याचा वृत्तान्त मागण्याचा हक्क त्यांना नसावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गुप्ततेच्या नावाखाली शाळा गुन्हे दडपतील. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या ऑगस्ट 2024 मधल्या घटनेनंतर ही शंका कोणाच्याही मनात येणे रास्त आहे. पण बदलापुरात लपवले कोणी? चिमुकल्या मुलींनी घरी सांगितले होते. गप्प बसली ती संस्था, आणि माहिती असून न कळवल्याबद्दल संस्थाचालकांवर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, गुन्हा नोंदवला गेला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहाच्या प्रकरणात तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर अत्याचाराची माहिती न कळवल्याचा आरोप होता. त्यांच्यावरचा गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो निकाल फिरवला आणि अशी माहिती तात्काळ पोलिसांना देणे का गरजेचे आहे ते सविस्तर सांगितले. संस्थेची अब्रू राखण्यासाठी मोठ्यांनी धरलेले मौन आणि मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जपणे या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजणे ही आक्षेपकांची मुख्य चूक आहे. पॉक्सोचे कलम 19 लैंगिक गुन्ह्याची माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यायला सांगते. ती मुख्याध्यापकाला, संस्थेच्या अध्यक्षाला किंवा सरपंचाला सांगायला सांगत नाही. उलट कलम 23 मुलाची ओळख छापायला बंदी घालते. म्हणजे कायदाच सांगतो की योग्य ठिकाणी बोला आणि बाकी सर्वत्र तोंड बंद ठेवा. आपल्याकडे नेमके याच्या उलट घडते: पोलीस सोडून गावभर सगळ्यांना माहीत असते.

अर्थात पॉक्सोमुळे समुपदेशकाची खरी कोंडी होते ती वेगळ्या ठिकाणी, आणि तिच्याकडे डोळेझाक करून हा वाद पुरा होत नाही. सतरा वर्षांच्या मुलीचे अठरा वर्षांच्या मुलाशी राजीखुशीने शरीरसंबंध आले असले तरी कायद्याच्या लेखी तो गुन्हा आहे आणि तो कळवण्याचे बंधन समुपदेशकावरही आहे. विधी आयोगाने 2023 च्या आपल्या 283 व्या अहवालात संमतीचे वय खाली आणू नये असे सांगतानाच सोळा ते अठरा या वयातल्या अशा प्रकरणांत न्यायालयाला तारतम्य वापरता यावे अशी शिफारस केली. हा पेच शाळेच्या पातळीवर सुटणार नाही. सुटू शकते ते एवढेच: मूल खुर्चीवर बसताच, त्याने तोंड उघडण्याआधी, त्याला साध्या मराठीत सांगायचे की बाळा, तू बोलशील ते माझ्यापाशी राहील, मात्र तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्या अंगाशी वाईट वागले असेल तर मला ते पुढे सांगावे लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला विचारून, तुला बरोबर घेऊन सांगेन. नुसते कुणी आवडणे, चिठ्ठी, फोनवरचे साधे बोलणे हे काही पॉक्सोत येत नाही. ते पालकांच्या कानावर घालायची समुपदेशकाला घाई नको. मर्यादा आधी सांगितलेली गुप्तता फसवणूक ठरत नाही. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊन संध्याकाळी घरी फोन करणे ही मात्र फसवणूकच आहे.

'आमचे सर, आमच्या बाई कशाला कमी आहेत, वेगळा माणूस हवाच कशाला' हा तिसरा मुद्दा मला थोडक्यात आटोपायचा आहे. शिक्षक चांगला असू शकतो, प्रेमळ असू शकतो. पण प्रात्यक्षिकाचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्याच्या हातात आहेत, तो मुलाच्या बापासोबत चहा पितो, आणि मुलाची तक्रार कित्येकदा त्याच्याच सहकाऱ्याबद्दल असते. शिवाय निवडणुकीच्या याद्यांपासून नाना सर्वेक्षणांपर्यंतची कामे त्याच्या माथी आहेतच. सर्वोच्च न्यायालयाने सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायला सांगितले आहे ते कोमेजलेले मूल ओळखून योग्य माणसाकडे पाठवण्यासाठी. शिक्षकाने ओळखावे, पाठवावे, आणि आत काय बोलणे झाले हे विचारू नये.

सरकारी यंत्रणेने मात्र याबाबत जे उपाय केले आहेत त्यांत गुप्ततेचा विचार शेवटी आलेला दिसतो. 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती आली. तिच्यात अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीच्या महिला सदस्य, पालक, विद्यार्थी प्रतिनिधी अशी गावाची सगळी अंगे आहेत. शाळेचे स्वच्छतागृह, वाटेवरचा अंधार, बालविवाहावर नजर यांसाठी अशी समिती उत्तम आहे, तिला माझा विरोध नाही. पण एखाद्या मुलीचे दुखणे त्या टेबलावर मांडायचे तर ते चावडीवर मांडण्यासारखेच झाले. तक्रार पेटीचेही तेच: पेटी व्हरांड्यात, कार्यालयासमोर, आणि वर आता कॅमेरा, चिठ्ठी टाकताना कोण दिसले हे कोणालाही पाहता यावे अशी व्यवस्था करून वर 'एकही तक्रार नाही' असा निरंक अहवाल पाठवायचा. याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे फोटो. समुपदेशन झाले याचा पुरावा म्हणून मुलासमोर बसलेल्या बाईंचे छायाचित्र काढायचे, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे, जमल्यास जिल्हा आवृत्तीत बातमीही लावायची. 2017 च्या कायद्यात कलम 24 खाली आजारी व्यक्तीचे छायाचित्र वा माहिती तिच्या संमतीविना माध्यमांना देता येत नाही. शाळकरी लेकरांना त्याहून कमी संरक्षण असावे, असे कोणी तोंड वर करून म्हणेल असे वाटत नाही. वागणे मात्र तसेच आहे.

राहिला शेवटचा आक्षेप, तो म्हणजे देवणीत समुपदेशक मिळणारच नाही, मग ही चर्चा कशाला. वाड्या-तांड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांचा पट शंभराच्या खाली असतो, त्यांना स्वतंत्र पद मिळणार नाही हे खरे आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या निकालातली जोडणीची तरतूद नेमकी अशाच शाळांसाठी आहे, आणि गुप्ततेच्या दृष्टीने ती इथे फायद्याचीच ठरू शकते. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून किंवा उदगीरहून आठवड्यातून एक दिवस येणारा माणूस गावच्या भावकीत नसतो. केंद्राच्या किशोर आरोग्य कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांतून 'मैत्री' नावाने किशोरवयीनांसाठी केंद्रे आहेत. शाळेने त्यांची वेळ फलकावर लिहायला पैसे पडत नाहीत. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, मराठीत बोलता येते, नाव सांगायची सक्ती नाही. मुलांसाठीचा 1098 हा मदत क्रमांक त्याआधीपासून आहे. अडचण इतकीच की देवणीतल्या मुलीच्या हातात फोन असतो तो भावाचा किंवा वडिलांचा, आणि केलेला कॉल यादीत दिसतो. शाळेने एक साधा फोन, दार बंद होणाऱ्या खोलीत, मधल्या सुट्टीत वापरायला ठेवला तर तो एका भाषणमालेपेक्षा जास्त उपयोगी पडेल. दरवर्षी दहावी-बारावीच्या परीक्षांआधी राज्य शिक्षण मंडळ समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करते, तेही वर्तमानपत्रातून मोठ्यांपर्यंतच पोचतात.

खर्चाचा प्रश्न म्हणून पुढे केला जाणारा हा प्रश्न बराचसा शिस्तीचा आहे. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक. क्रमांक आणि नाव जोडणारा कागद समुपदेशकाच्या कुलपात, मुख्याध्यापकाच्या कपाटात नाही. मुलाला बोलवायचे तर वर्गात नाव पुकारून नाही. पहिल्या भेटीला पालकांची परवानगी नको, नियमित उपचाराला हवी. अपवाद कोणते ते फलकावर मुलांनाही वाचता येईल अशा अक्षरांत. आणि नियम मोडणाऱ्या शिक्षकावर, मग तो कितीही वजनदार असो, कारवाई.

हे नियम करायचे कोणी, तर त्याच पालकांनी. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. पालकांना आपला हक्क बजावायचाच असेल तर त्याची जागा ही समिती आहे, मुलाची नोंदवही नव्हे. देवणी तालुक्यातल्या समित्यांनी जूनमध्ये शाळा उघडताना पहिल्याच बैठकीत गुप्ततेचा लेखी ठराव मांडावा, तो पालक सभेत वाचून दाखवावा आणि आपल्या मुलांसमोर सही करावी.